मी पाहून राहिलो ना

"कोणी पाहत नाही गा, सोड थोडं पाणी," असं कुणी म्हटलं, की आमचा पाणकर डोक्याचा दुपट्टा सोडायचा, झटकायचा, पुन्हा बांधायचा आणि म्हणायचा, "मी पाहून राहिलो ना."

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला. धान पिकतं ते तलावाच्या पाण्यावर. तलावाच्या दाराची किल्ली पाणकराच्या करदोट्याला आणि कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी कधी जायचं ते त्याच्या तोंडी. अशा माणसानं देवाला भिऊन असावं, अशी तुमची-माझी अपेक्षा. हा देवच मानत नव्हता. बायको मात्र दर सोमवारी महादेवाला जायची. तिच्यासाठी बेल तोडून आणायचा तो हाच, हातावर ओरखडे घेऊन. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "देव तिचा हाय, गुरुजी. काटे मले लागले त काय झालं?"

मी गावचा निवृत्त मास्तर, म्हणजे न विचारता बोलणारा माणूस. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एकदा त्याला कोंडीत पकडायला गेलो. "देव नाही म्हणतोस, मग चोरी का करत नाहीस?"

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "तुमी देवाले भिऊनच करत नाही का, गुरुजी? मंग तुमच्यावर नजर ठेवा लागते."

आणि त्यानं खरंच ठेवली. त्या साली माझी पाळी यायच्या आत धान पिवळं पडायला लागलं होतं. मी त्याला घरी जेवायला बोलावलं, गावठी कोंबडा कापला. त्यानं तो मन लावून खाल्ला, हाडं चोखली, हात धुतले आणि दारातून म्हणाला, "कोंबडा चांगला होता, गुरुजी. पाणी शुक्रवारी."

मग ते झालं. पाऊस निघून गेला होता, धान निसवायला आलं होतं, शेवटच्या पाण्याची सगळे वाट पाहत होते. सकाळी पाहतो तर तलावाचं दार उघडं. वरच्या बांध्या तुडुंब, खालच्या कोरड्या, तलाव तळाशी. कुलूप असं, की खिळ्यानंही उघडावं. पण किल्ली पाणकराकडे, म्हणून बोट त्याच्याकडे. त्याची स्वतःची बांधी सगळ्यात खाली, तिचंही धान वाळणार होतं. लोक म्हणाले, पाणी विकलं असेल.

सरपंचानं सगळ्यांना महादेवाच्या देवळात बोलावलं. एकेकानं पिंडीवरचं बेलाचं पान उचलायचं आणि 'मी दार उघडलं नाही' म्हणायचं. खोटं पान उचललं तर घराचं वाटोळं होतं, असं आमच्याकडे मानतात. वरच्या बांध्यांवाल्यांनी पटापट उचललं. माझी पाळी आली. मी काहीच केलं नव्हतं, तरी पान हातातून खाली पडलं. जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला मी, मला माझं नावही आठवेना.

तेवढ्यात पाणकर मागून म्हणाला, "गुरुजी भेकड हायेत, चोर नाही."

लोक हसले. मला सोडून दिलं.

मग त्याची पाळी. तो जागचा हलला नाही. "मी दार उघडलं नाही. झालं."

"एक पान तर उचलाचं हाय गा," सरपंच म्हणाले.

"नुसतं पानच असन त तुमाले कायले पायजे? अन् देव असन त मी त्याले मानत नाही. त्याच्या नावानं बोललो त तेच खोटं होईन."

त्याची बायको पुढं आली. "मी उचलते त्याइच्या बदली." त्यानं तिचं मनगट धरलं. हळूच म्हणाला, "नको. तुया देव मायासाठी कामाले लावू नको." मग करदोट्याची किल्ली सोडून पायरीवर ठेवली.

त्याच्या नुसत्या शब्दावर मला सोडलं, मग त्याच शब्दावर त्याला का नाही? हा प्रश्न मलाही सुचला. घरी पोचून पाय धुताना.

माझं पडलं ते सोडलं, तर गावातल्या सगळ्यांनी पान उचललं होतं, म्हणून सगळे निर्दोष. उरला तो. हातपंपावर त्याची बायको आली, की बायांचं बोलणं थांबायचं. ती सोमवारी देवळात गेली तरी लोक बाजूला सरायचे. तो मात्र संध्याकाळी पाळीवर जायचा, किल्ली नसताना, आणि दाराकडे तोंड करून बसायचा. मीही जाऊन बसायचो. आम्ही देवाविषयी पुन्हा बोललो नाही. बेल मात्र तो आणतच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखलं. गोंदियाला नेता नेता तो वाटेत गेला.

यंदा पाण्याची बैठक पुन्हा देवळात भरली. सरपंचांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. "बाई, आता तुमी उचला पान. गाव मानन. त्याचं नाव साफ होईन."

तिनं पान उचललं. बराच वेळ तळहातावर धरलं. तिचे ओठ हललेही. आम्ही सगळे पुढं वाकलो. तिचा तर विश्वास होता ना. तिला कोण अडवणार?

तिनं पान परत पिंडीवर ठेवलं, नीट सरळ केलं.

"नको म्हणले होते ते," एवढं बोलून ती पायऱ्या उतरली.

त्या आठवड्यात माझ्या बांधीला पाणी आलं. बांधी भरली. तिचं पाणी यायचं तोंड बुजवायला मी चिखलाचे गोळे टाकत होतो आणि ते वाहून जात होते. तेही मला धड येत नाही. शेजारचा म्हणाला, "राहू द्या ना गुरुजी अजून थोडं. कोण पाहून राहिला?"

मी पाळीकडे पाहिलं. तो बसायचा तिथं गवत वाढलं होतं.

मी पुन्हा चिखल उचलला.