चाळीस मिनिटांचा फोन
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की बारामतीतलं ते दुकान आठवतं. लग्नानंतर सोळाव्या दिवशी नवरा परदेशी परतला आणि मी वडगावला सासरी राहिले. माझ्या व्हिसासाठी लग्न खरं असल्याचा पुरावा हवा होता, म्हणून सासऱ्यांना घेऊन आमचे मेसेज छापायला गेले. पानापानावर तेच: जेवलीस का, हो, तुमी, हो. यांचा फोन यायचा तो बाहेरच्या खोलीत, स्पीकरवर. ऊस, दूध, पाहुणेरावळे सगळं बोलून झालं की उरलेलं मिनिट माझं. सासऱ्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "एवढंच बोलता व्हय गं तुमी?" त्या संध्याकाळी फोन वाजताच ते उठले, घरातल्या सगळ्यांना गोठ्याकडं पिटाळलं. "बोल निवांत. आमी तितं हाय," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. फोनवर पहिल्यांदाच आम्ही दोघं एकटे होतो, आणि दोघांनाही काही सुचेना. बाहेर गाय हंबरली. "तांबडी का?" यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग नुसते श्वास ऐकू येत राहिले, पण फोन ठेवू या असं कुणीच म्हणालं नाही. चाळीस मिनिटांच्या त्या फोनची नोंद आम्ही फाइलमध्ये सगळ्यात वर लावली. आता परदेशात एकाच घरात राहतो. दाराबाहेर कुणी नसतं. हे कामावरून येतात, जेवलीस का विचारतात, मी हो म्हणते. मग गाय हंबरायची वाट बघत असल्यासारखे दोघंही गप्प बसून राहतो.