सुधीररावांची सही

मेलेला माणूस सही करत नाही.

एवढी साधी गोष्ट त्या स्टुडिओतल्या शिकलेल्या लोकांना मी सांगायची. मी, दुसरीतून शाळा सोडलेली बाई.

आता नमस्कार.

आज माझ्या जावयाला, सुधीररावांना, जाऊन वर्ष झालं. इथेच शारजात. सकाळी अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. हार्ट.
रडून झालंय. ते सांगायला आलेली नाही.

सुधीरराव टीव्हीच्या बातम्यांचं काम करायचे. इथल्या नाही, एका बेटावरच्या. नाव लिहू नको म्हणतात सगळे, केस होते. नाही लिहीत. नकाशात डासाएवढं बेट, बाजूला त्याची चार पिल्लं. एकावरून दुसऱ्यावर जायला बोट. दिवसाला एक.

नऊ वर्षं ते तिथेच स्टुडिओत होते. मग चॅनेल विकलं गेलं.
नव्या मालकानं तिथला स्टुडिओ बंद केला आणि सगळं इथे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, एका गोडाऊनमध्ये आणलं. सुधीररावांनाही.

मी एकदा जाऊन पाहिलंय. मागे बेटाच्या धक्क्याचा फोटो, पुढे कोट घातलेली मुलगी, दाराबाहेर ट्रकांची रांग. मुलगी सांगते, "आपल्याकडे आज पाऊस पडेल." आपल्याकडे म्हणे. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

त्या बेटांवर एक पद्धत आहे.
संध्याकाळच्या बातम्या संपताना, त्या दिवशी जे वारले त्यांची नावं वाचायची. नाव, गाव, घरी कोण, दफन किती वाजता.
नाव दोनदा वाचायचं. कारण पहिल्यांदा बाई चुलीपाशी असते.
ते ऐकून पलीकडच्या बेटावरचे नातेवाईक सकाळची बोट धरतात. नाही ऐकलं, तर सख्ख्या भावाची माती चुकते.
तिथल्या सरकारी ऑफिसनं चॅनेलचं लायसन्स देताना लिहूनच घेतलंय. मालक कुणीही असो, नावं वाचायची.

नव्या मालकानं त्या जागी साबणाची जाहिरात घातली.

सुधीरराव तरी नावं घुसवत राहिले. बेटावरचे लोक त्यांच्याच मोबाइलवर फोन करायचे. उजवा हात आमटीभातात, डाव्या हातानं नाव लिहून घेताहेत.
मी म्हटलं, "जेवताना मढी कशाला मोजता?"
"आई, त्यांची बोट चुकेल."

मग मॅनेजरनं सांगितलं, नावं खलास. यांना बुलेटिनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं.

आणि एक दिवस कागदांचा गठ्ठा पुढे केला. लायसन्स रिन्यू करायचं होतं. "साइन कर दो भाई, रोज नाम पढ़े हैं. फॉर्मॅलिटी है."

सुधीरराव घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "आई, आज नाही म्हणून आलो."
मी म्हटलं, "बरं केलंत. भात गरम आहे."
वैशाली, माझी लेक, घाबरली. व्हिसा, माझ्या नातीची, सईची शाळा. मीही घाबरले होते. दाखवलं नाही.

पंधरा दिवसांनी ते गेले.

त्यांचं नाव त्या चॅनेलवर वाचलं नाही. इतक्यांची बोट ज्यानं चुकू दिली नाही, त्याच्या वेळेला साबण.

तेही गिळलं मी.

गेल्या आठवड्यात रोझीबाईंचा मेसेज आला. पूर्वी त्या बेटावर बातम्या वाचायच्या, आता त्याच सरकारी ऑफिसात लागल्यात. जुन्या फायली बघताना काही पानं सापडली, त्यांचे फोटो पाठवले. विचारलं, ही सुधीरचीच सही ना?

महिनाभराची पानं. प्रत्येकावर लिहिलंय, नावं वाचली. प्रत्येकाखाली सुधीररावांची सही.
शेवटच्या पानांवरच्या तारखा ते गेल्यानंतरच्या.
एक तर त्यांच्या दहाव्याची. त्या दिवशी आम्ही कावळ्याची वाट बघत होतो, आणि हे तिकडे सही करत होते.

नात म्हणाली, "आजी, मे बी इट्स अ मिस्टेक."

मिस्टेक आहेच. सही इंग्रजीत आहे.

माझ्या जावयानं जन्मात इंग्रजीत सही केली नाही. पासपोर्टवर मराठी, बँकेत मराठी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "हबीबी, व्हॉट इज धिस?" हे म्हणाले, "माय नेम."

मला माहीत, कारण मला सही त्यांनीच शिकवली. इथे व्हिसाच्या कागदावर मी अंगठा पुढे केला, तर म्हणाले, "थांबा आई." चार दिवस वहीत गिरवून घेतलं. सासूला गिरवायला लावणारा जावई. सुलोचना लिहिताना माझी अक्षरं अजून त्यांच्यासारखी उजवीकडे कलतात.

वैशालीनं स्टुडिओत फोन केला. मॅनेजर म्हणाला, "आंटी को समझाओ. जो हो गया, खलास."

माणूस खलास झाला. मी आहे अजून.

पासपोर्टवरच्या सहीचा फोटो रोझीबाईंना पाठवलाय. त्या खोट्या पानांवर लायसन्स मिळालं, आणि बेटांवर आजही नावं वाचत नाहीत.
सई म्हणते, "आजी, यू कान्ट पोस्ट दिस." मी बोलतेय, वैशाली टाइप करतेय.

चॅनेलवाल्यांनो, त्यांचं नाव तुम्ही वाचलं नाही, मी वाचते. त्या बेटांच्याच पद्धतीनं.

सुधीर दत्ताराम गुरव. गाव देवगडकडचं, मुक्काम शारजा. घरी बायको वैशाली, मुलगी सई, सासू सुलोचना. अग्नी दिला, वर्ष झालं. आता कुणी बोट धरायची नाही.

सुधीर दत्ताराम गुरव.

खाली कमेंटमध्ये हात जोडू नका. रेस्ट इन पीस लिहू नका. ती पानं कुणी भरली, ते आधी कळू दे.
उत्तर मालकानं द्यायचं. मॅनेजरनं नाही, वकिलानं नाही, रिसेप्शनवरच्या मुलीला तर पुढे करायचंच नाही.
मालकानं. कागदावर. स्वतःच्या सहीनं.