बिब्ब्याखालची गाठ

चौथीत शाळा सुटली. मोर्शीच्या बागांत संत्री तोडता तोडता वयाची बत्तीस वर्षं झाली, तेव्हा अकोल्यात एका मुसलमान फळव्यापाऱ्याकडं करंड्या भरायला राहिलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. गावी बायको एकटी, मूलबाळ नव्हतं.

करंडी छातीशी धरून उचलायची. एके दिवशी छातीच्या डाव्या बोंडाखाली टोचलं. चाचपलं तर तुरीच्या दाण्याएवढी गाठ, ढकलली तरी हलेना. आमच्याकडं दुखलं-सुजलं की बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल गाठीवर लावलं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. छाती सुजली, फोड आले, बंडी चिकटली.

चाचांनी पाहिलं. "काहून लपवून राहिला बे? बाईमाणूस हायेस का?" दंड धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "बिब्बा उतलाय. मलम लावा, बरं होईल."

मी लगेच बंडीचे बंद बांधू लागलो. गाठीचं नाव काढायचंच नव्हतं मला.

"डॉक्टरसाब, गाठ पयले होती," चाचा म्हणाले. "बिब्बा मंग लावला यानं."

डॉक्टरांनी बंद सोडायला लावले. गाठ दाबून पाहिली, काख पाहिली. "कधी गालगुंड झालं होतं? सूज खाली वृषणात उतरली होती का?"

उतरली होती. अठराव्या वर्षी. एक बाजू सुकूनच गेली. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुलासाठी सोमवार मात्र तीच धरत होती. मी चाचांकडं पाहिलं.

"पान खाऊन येतो," म्हणत चाचा उठून बाहेर गेले. ते पान खात नसत.

मग सांगितलं.

"पुरुषाच्या अंगातही बाईचा रस थोडा असतोच," डॉक्टर म्हणाले. "खालचं बिघडलं की त्याचा जोर वाढतो. छातीला असलं दुखणं त्यानंही होत असावं, खात्रीनं सांगता येत नाही. मला कर्करोगाचा संशय आहे. कापावं लागेल."

पण फोड भरेपर्यंत सुरी लावता येईना. माझ्याच बिब्ब्यानं पंधरा दिवस खाल्ले. रोज वाटे, आज गाठ मोठी झाली.

गाठ वाईटच निघाली. काखेत मात्र गेली नव्हती. शुद्धीवर आलो तर उशाशी चाचा. त्या दिवशी ते बोलले नसते, तर मी मलम घेऊन घरी गेलो असतो. अजूनही आंघोळीला बसलो की हात आधी उजव्या बाजूला गाठ चाचपायला जातो.

टाके निघाल्यावर मोर्शीला पत्र लिहिलं. छातीचं दोन ओळींत झालं. खालचं लिहायला अख्खी दुपार गेली. शेवटी लिहिलं, आता सोमवार धरू नको.