वहिनीचं ‘बरं आहे’

मी शिकलो ते माझ्या वहिनीमुळे. ती लग्न होऊन पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा मी चौथीत होतो, आणि मला शाळेतून काढून गुरांमागे पाठवायचं घरात ठरलं होतं. नवी सून असून ती सासऱ्यासमोर बोलली, “बाबू शाळेत जाईन. गुरं मी पाहीन.” पुढे मी वसतिगृहातून तिला पत्रं लिहायचो. ती सातवी शिकलेली. सुट्टीत गेलो की पत्रातल्या चुका दाखवून मला चिडवायची.

आता मी उदासीच्या आजारावरच्या एका संशोधनात गावोगाव मुलाखती घेतो. झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणं, जीव नकोसा होणं, असे ठरलेले प्रश्न असतात. उत्तरांवरून आजार दिसला तर प्रशिक्षण घेतलेली गावातलीच एक बाई नेमाने घरी येऊन त्या माणसाशी बोलत बसते. अशा बोलण्याने किती फरक पडतो, हे आम्हाला पाहायचं आहे.

यंदा या कामात आमचं गाव आलं, तेव्हा मला हायसं वाटलं. कारण वहिनी बदलली होती. झाडीपट्टीचं नाटक म्हटलं की चटई घेऊन सगळ्यांच्या आधी जाणारी, मग महिनाभर त्यातल्या खलनायकाची नक्कल करणारी ती, या हिवाळ्यात गावातच नाटक असूनही घरी बसली. उन्हाळा लागल्यावर मोहाची फुलं वेचायलाही गेली नाही. चुलीवर आंधण आटून जायचं आणि ती नुसती बघत राहायची.

नात्यातल्या माणसाची मुलाखत आम्हाला घेता येत नाही. माझी सहकारी आत गेली, मी रस्त्यावर थांबलो. ती निघून गेल्यावर वहिनीनेच सांगितलं, “सगळ्याले नाई म्हटलं.”

“काऊन? झोप तरी लागते का तुले?”

“तुह्याच घरची बाई उदास निघाली, त तुले साहेब लोक काय म्हणतीन? याले आपलं घर नाई सुधारता आलं, म्हणतीन. जाय, पास झाला तू!”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, तेही माझ्यासाठी.

आमच्या डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “लिहिलेली उत्तरं बदलता येणार नाहीत. पण दवाखान्यात उपचार मिळतील, मी बोलते. फक्त ‘हो’ त्यांनी म्हणायला हवं.” दादा म्हणाला, “कामानं थकली असन.” आणि फोन केला की वहिनी “बरं आहे” म्हणून तो दादाच्या हातात देते. इतकं शिकून मला तिच्याकडून एक ‘हो’ मिळत नाही. शेवटी पूर्वीसारखं पत्रच पाठवलं.

वहिनीस नमस्कार.

तुला आजार निघाला तर मी नापास होत नाही. आजार ओळखणं हेच आमचं काम आहे. शाळेत जायचं आहे असं मी तुला म्हटलं नव्हतं, तरी तू माझ्या वतीने बोललीस. मला तुझ्या वतीने बोलता येत नाही, वहिनी. तसा नियमच आहे.

सोमवारी येतो. दवाखान्यात जाऊ. मी बाहेर बाकावर बसेन. आत डॉक्टरांना फक्त झोप येत नाही एवढं सांग. बाकीचं नाही सांगितलंस तरी चालेल.

जीव नकोसा होतो का, या प्रश्नालाही तू नाही म्हणालीस. तेवढं एक ‘नाही’ खरं असू दे.

या पत्रातही चुका असतील. मी आलो की दाखव.

तुझा बाबू