आबांची उशी

आबांनी चावी हातात घेतली, आणि त्यांची लेक वर्षा अडीच महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल लाईट आता लागत नव्हता. सकाळपासून मागं लागून मीच तो घालवून घेतला होता. आणि आता त्याच एअरबॅगसमोर बाळ होतं.

मी जळगावला कारच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे कस्टमरचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते जॉबकार्डवर लिहायचं, मेकॅनिककडून काम करून घ्यायचं आणि दोन्हीकडची बोलणी खायची. बारा वर्षं हेच चाललंय.

आबा चोपड्याकडचे केळीवाले. गाडी नवीकोरी, सहा महिन्यांची. सकाळी आले तेच घाईत. "लाल लाईट लागस ताई. तेवढं नीट करी दे. आजच पोरले धुळ्याले सासरी पोचाडनं शे."

हा लाईट लागला की समजायचं, गाडीचा कॉम्प्युटर सांगतोय, माझ्या एअरबॅगवर आज भरवसा ठेवू नका. एअरबॅगच्या वायरी पिवळ्या असतात, मुद्दाम, उगाच कोणी हात लावू नये म्हणून. आमचे इलेक्ट्रिशियन शकीलभाई यांनी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबले आणि मग सीटखाली डोकं घातलं. आबांनी तिथं ठिबकच्या नळीचं बंडल कोंबलं होतं. त्या बंडलाच्या ओढीनं पिवळं कनेक्टर निसटलं होतं. ते बसवलं, कॉम्प्युटरला जोडून तपासलं, लाईट गेला. मी खूश. म्हटलं, आज एक काम तरी न रडता झालं.

आणि आता हे.

मी धावत जाऊन दाराला हात लावला. "वर्षाताई, बाळाला घेऊन मागं बसा."

आबांचा चेहरा उतरला. "कसाले? पोर सासरी चालनी. पुढे बसी, तिना मान शे."

"मान मागं बसूनही राहतो आबा."

"आणि मागे उशी कुठे शे? एअरबॅगवाली गाडी लिधी ती कसाले मंग? बाळ उशीसमोरच बसी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं लाईट दुरुस्त करून घेतला तो बाळासाठी. एअरबॅग म्हणजे मऊ उशी, आणि उशीजवळ बसलं की सगळ्यात सेफ, असा त्यांचा हिशेब. सकाळी बॅग बंद पडलेली होती. ती मी चालू केली आणि बाळाला तिच्या तोंडाशी बसायला मोकळं केलं. दोष त्यांचा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी गाडी देताना कोणी सांगितलं नाही, आणि सकाळी मीही विचारलं नाही.

तेवढ्यात आमचे मॅनेजर महाजन सर आले. "काय मॅडम, डिलिव्हरी का अडवली? बिल झालंय ना?"

"सर, दहा मिनिटं."

"कस्टमरला भाषण देऊ नका. फीडबॅक खराब येतो."

"येऊ द्या सर," मी म्हणाले. एरवी माझी एवढी हिंमत होत नाही.

आबांना मी आतल्या बेमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला लावतात तिथं, नेलं. तिथं एक अ‍ॅक्सिडेंटची गाडी उभी होती. दोन्ही एअरबॅग फुटून लोंबत होत्या आणि पुढची काच डाव्या बाजूला तडकली होती.

"ही काच कशानं फुटली असेल आबा?"

"टक्कर व्हयनी व्हई."

"टक्कर उजव्या कोपऱ्याला आहे. काच डावीकडून तडकलीय, आणि आतून. बॅग फुगताना तिनं काच फोडलीय."

आबा काचेवरून हात फिरवत राहिले.

मग मी त्यांना सांगितलं, जसं माझ्या सासूबाईंना सांगितलं असतं तसं. बॅग हवेनं हळूहळू फुगत नाही. पुढून जोराचा दणका बसला की सेन्सर कळवतो, आत एक बारकासा स्फोट होतो आणि त्या गॅसनं बॅग भरते. पापणी लवायच्या आत. लगेच मागच्या भोकांतून गॅस निघून जातो आणि बॅग मऊ पडते. बेल्ट लावून, अंतर ठेवून बसलेला मोठा माणूस त्या मऊ बॅगवर येऊन आदळतो, म्हणून वाचतो. मांडीवरचं बाळ फुगणाऱ्या बॅगच्या वाटेतच असतं. त्याला बसतो तो स्फोटाचा धक्का.

आबांनी लोंबणारी बॅग हातात धरून बघितली. मग म्हणाले, "मंग ती वायर परत काढी टाक."

"मग तुमचीही बॅग भरवशाची राहणार नाही. तुम्हीच चालवणार ना?"

"पोर मागे बाळले हातमा धरी बसी."

खोटं बोलून चाललं असतं, पण जीभ वळेना. "दणक्यात हातातलं बाळ कोणालाच धरून ठेवता येत नाही आबा. आईलासुद्धा."

बाळाला घेऊन आमच्यामागं आलेल्या वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग आम्ही जायचं कसं?"

माझी लेक आता चार वर्षांची आहे. तिची बेबी सीट घरी कपाटावर पडून होती, अगदी लहान बाळाला चालणारी. मी महाजन सरांकडे न बघता स्कूटी काढली, पिंप्राळ्याला घरी गेले आणि ती आणली. मागच्या सीटवर बेल्टनं आवळून बसवली, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी. वर्षाला शेजारी बसवून बेल्ट लावायला सांगितला.

मग आबांकडे वळले. ते स्टिअरिंगला छाती टेकवून बसलेले. "मागं सरका. छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभर आणि वर चार बोटं तरी पाहिजेत. हात स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना. आणि बेल्ट. बेल्टशिवाय बॅगचा उपयोग नाही, उलट इजाच होते."

"गाडी मनी शे का तुनी?" आबा म्हणाले, पण सीट सरकवली.

त्यांनी फीडबॅक दिलाच नाही. महाजन सर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. त्याच आठवड्यात टोचनवर आबांची गाडी आली. बॉनेट चेपलेलं, दोन्ही एअरबॅग फुटलेल्या, काच आतून तडकलेली. मी हातातलं काम टाकून धावले. मागून रिक्षातून आबा उतरले. मनगटाला पट्टी होती, बाकी धडधाकट. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "बाळ चांगलं शे ताई. पोर बी चांगली शे. बठ्ठा घर शेत." म्हणजे सगळे घरी सुखरूप.

लेकीला धुळ्याहून घेऊन येत होते. पारोळ्याच्या पुढं समोरच्या ट्रॅक्टरनं एकदम ब्रेक मारला आणि यांची गाडी ट्रॉलीवर जाऊन आदळली. वर्षा आणि बाळ मागंच होते.

"आणि पुढं?"

आबांनी दार उघडून दाखवलं. पुढच्या सीटवर व्याह्यांनी दिलेली आंब्यांची पेटी ठेवली होती. तिच्या फळ्या मागच्या सीटच्या पायांपाशी पडल्या होत्या, आणि रस थेट छताला लागला होता. मला रडू आलं, आणि ते मी आवरलंही नाही. महाजन सर आले, छताकडे बघितलं आणि माझ्यासाठी चहा सांगून गेले.

आबांनी रिक्षातून बेबी सीट काढली. धुऊन, पुसून आणली होती. "तुनी अमानत."

"ही आता भंगारात टाकायची आबा. एवढा दणका खाल्लेली सीट परत वापरत नाहीत. एअरबॅगसारखंच, एकदाच."

"मंग नवी लिसू," ते म्हणाले. "दोन लिसू. एक तुना घर ठेव. कोणले तरी लागी."

ती दुसरी सीट मी घरी न नेता वर्कशॉपच्या कपाटावर ठेवलीय. आतापर्यंत तीन बाळं तिच्यात बसून घरी गेलीत. आणि जॉबकार्डवर मी एक प्रश्न वाढवलाय, गाडीत पुढं कोण बसतं. काही कस्टमर चिडतात, बायको बसते नाहीतर सासू, तुम्हाला काय करायचंय म्हणतात. मी तेही लिहून घेते. लाईट गेला म्हणजे काम झालं, असं मी आता धरत नाही. दारं लागल्यावर काचेतून आत एकदा बघते, आणि मगच गेटपासवर सही करते.