खुशालरावांनी दिलेला नर वेल

पानमळ्यात शिरण्याआधी खुशालराव पायांतल्या वहाणा काढत, डोईची टोपी सारखी करत, ताटीच्या उजव्या खांबाला हात लावून तो कपाळाशी नेत, आणि मगच आत पाऊल टाकत. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात हा क्रम एकदाही चुकला नाही. अंजनगाव सुर्जीच्या शिवारातला तो अर्ध्या एकराचा मळा म्हणजे त्यांचं देऊळ. वर हेट्याच्या झाडांची विरळ सावली, सावलीत वेल, आणि वेलावर बोटाच्या पेरासारखी धरलेली पानपिंपरी, म्हणजे औषधातली पिंपळी. ती हिरवी तोडायची, उन्हात वाळवायची, काळी झाली की औषधवाले घेऊन जायचे. कोणाचा खोकला तिनं थांबायचा, कोणा बाळंतिणीच्या काढ्यात ती पडायची. बारी समाजाचं हे पिढ्यान् पिढ्यांचं काम, आणि वेल म्हणजे साक्षात नागदेवतेचा. म्हणून मळ्यात वहाण नाही, मळ्यात शिवी नाही, मळ्यात खोटं नाही.

यातला तिसरा नियम खुशालरावांनी मोडला. जिभेनं नव्हे, हातानं मोडला. ज्याच्या ओठी अष्टौप्रहर हरीचं नाव, त्याच्या हातून हे कसं घडलं, ते शांतपणे ऐकावं. आणि ऐकताना त्या भल्या माणसावरची माया मात्र उणी होऊ देऊ नये.

खुशालरावांचा स्वभाव संशयाचा. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, की ती गावातल्या चार जणांना दाखवून मगच गिळायची. देवळातल्या घंटेचा नाद जरा वेगळा वाटला, तर पुजाऱ्याला विचारायचं, "घंटा कोनं बदलली?" त्यांची पत्नी सुभद्राबाई आल्यागेल्याला हसत सांगायच्या, "लग्नात भटजीनं अंतरपाट धरला, तं यायनं तो बाजूले सारून पाह्यलं. पोरगी तेच हाय का मनून!"

"मंग पाह्यलं तं काय चुकलं?" खुशालराव म्हणायचे. "पाहून घेतलं मनून चाळीस साल बिनघोर हाय."

पण संशयाच्या या भक्कम कोटाला एक दिंडी उघडी होती. समोरच्याच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली, की खुशालराव विरघळत. तिथं प्रश्न नाही, तिथं तपास नाही.

त्यांच्या मळ्यातला वेल इतरांहून वेगळा. फळ जाड, तिखटाला तेज, आणि मर रोगाला सहसा न बधणारा. आजोबांनी निवडला, वडिलांनी निवडला, खुशालरावांनी निवडला. दर आषाढात सगळ्यांत गुणी वेलाचे फाटे तोडून तेच पुढे लावत गेले. गावात त्याला 'जाडी पिंपरी' म्हणतात. गावातला जो मागेल त्याला खुशालराव फाटे देत, हळदीकुंकू लावून देत. वेल द्यायचा, तो मोकळ्या हातानं द्यायचा, हीच रीत. तो वेल गावाचा राहावा, एवढीच त्यांची इच्छा. आणि तो कोणीतरी गावापासून तोडील, हीच भीती.

ही भीती आली वर्तमानपत्रातून. परदेशांशी मुक्त व्यापाराची बोलणी चालली आहेत आणि समोरचे देश सवलती मागत आहेत, अशी बातमी त्यांनी बाजारातल्या चहाच्या दुकानात तीनदा वाचली. मग जावयाला फोन लावला. जावई अश्विन अमरावतीला राजापेठेत राहतो, वकिली करतो.

"मामाजी, ते म्हणतात, तुमचा माल आमच्याकडे यायचा असेल, तर तुमच्याकडचे बियाण्यांचे, रोपांचे कायदे कडक करा. ज्यानं वाण नोंदवला त्याचा हक्क मोठा. मग दुसऱ्यानं ते रोप ठेवणं, वाटणं अवघड होऊ शकतं."

"आनं आपल्या लोकायनं हो म्हटलं का?"

"नाही. बोलणी चालू आहेत. आपला कायदा आज शेतकऱ्याला बियाणं ठेवायचा, वाटायचा हक्क देतो."

"आजचं मी विचारूनच नायी राहिलो. दार लावून काहून बोलून राहिले ते सांग. चांगली गोष्ट असती तं चावडीवर बोलले असते."

अश्विन हसला. त्या दिवसापासून खुशालराव मळ्याच्या ताटीला दोनदा गाठ मारू लागले.

पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ. "राम कृष्ण हरी, माउली," म्हणत ते वाकले. आपण धामणगाव रेल्वे या गावचे, देवासाठी लहानशी औषधी बाग लावायची आहे, चार फाटे प्रसाद म्हणून मिळावेत, असं म्हणाले. देवासाठी! खुशालरावांचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांत गुणी वेल निवडला, दहा फाटे तोडले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, हळदीकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी दिले. पाहुण्यांनी जाताना आपला फोन नंबर दिला. त्या गृहस्थांनी वहाणा काढल्या नव्हत्या. ते सुभद्राबाईंनी पाहिलं, खुशालरावांनी पाहिलं नाही.

आषाढ लागला आणि अनुपमा आली. तिशीतली मुलगी, खांद्याला पिशवी, हातात कागदांची फाईल. अकोल्याला वनस्पतींच्या संशोधनाचं काम करते, म्हणाली. ताटीशी आली, आणि कोणी काही सांगण्याआधी तिनं चपला काढल्या, खांबाला हात लावला, तो कपाळाला नेला.

खुशालरावांच्या मनात पाल चुकचुकली. हिला कोणी शिकवलं? शहरातली पोर, ना आपल्या जातीची, ना गोताची. हिला मळ्याची रीत ठाऊक कशी? कोणीतरी पढवून पाठवलं असलं पाहिजे.

"काकाजी," ती म्हणाली, "तुमच्या वेलाची नोंद तुमच्याच नावानं करून ठेवू. बाहेर काय ठरेल ते आपल्या हातात नाही. पण वाण तुमचा आहे, हे कागदावर आधी आलं पाहिजे. त्यासाठी फाटे लागतील. अकोल्याला वाफ्यात लावून फळ तपासावं लागतं."

कागद, सही, फाटे! जे जे वर्तमानपत्रात वाचलं होतं, ते सगळं चपला काढून दारात उभं होतं.

"देतो," खुशालराव गोड आवाजात म्हणाले, आणि मळ्याच्या ईशान्य कोपऱ्याकडे वळले.

त्या कोपऱ्यात नर वेल होते. पानपिंपरीत नर वेगळा, मादी वेगळी. फळ धरते ती मादी. नराला नुसता बारीक लांब तुरा येतो, पिंपरी येत नाही. फाटा हातात घेतला तर दोन्ही सारखेच दिसतात. अंतर कळतं ते तुरा आल्यावर. तोवर खतपाणी द्या, सावली द्या, वेल माजत राहतो. हे गुपित मळेवाल्यांचं. खुशालरावांनी नर वेलाचे वीस फाटे तोडले, नीट बांधले आणि तिच्या हाती ठेवले. हळदीकुंकू मात्र लावलं नाही. तेवढं त्यांच्या हातानं ऐकलं नाही.

अनुपमानं ती जुडी छातीशी धरली. "उपकार झाले, काकाजी," ती म्हणाली.

ती गेल्यावर सुभद्राबाईंनी विचारलं, "अवो, तुमी कोपऱ्यात काहून गेलते?"

"मी खोटं बोललो का? देतो म्हटलं, देल्ले."

"बोलले नायी. पन हातानं बोलले."

श्रावणात नागपंचमी आली. त्या दिवशी मळ्यात पान तुटत नाही, विळा चालत नाही. दूध-लाह्यांचा नैवेद्य होतो. दरवर्षी दुधाची वाटी खुशालराव वाहत. यंदा त्यांनी ती सुभद्राबाईंच्या हाती दिली आणि स्वतः ताटीबाहेरच थांबले. कारण काय, ते त्यांना ठाऊक होतं.

वर्ष सरलं. पुढच्या ज्येष्ठात अनुपमा परत आली, ती एकटी नव्हे. सोबत तिची आई होती, इंदूबाई. पांढरी स्वच्छ साडी, ताठ चाल. दोघींनी ताटीशी चपला काढल्या, खांबाला हात लावला.

"खुशालभाऊ, ओळखलं का?" इंदूबाई म्हणाल्या. "तुमच्या बाबाच्या वक्ती मी या मळ्यात तोडनीले येत होती. हे पोट्टी तवा माह्या पाठीवर बांधली राहे."

चपला कोणी काढायला शिकवलं, त्याचं उत्तर समोर उभं होतं.

अनुपमानं रुमाल उलगडून त्यांच्या पुढ्यात धरला. रुमालात एक सुकलेला, बारीक, लांब तुरा होता.

"वाफ्यात वेल खूप माजले, काकाजी. मी रोज बघत होते. शेवटी हे आलं, फळ नाही आलं. तपासणारे म्हणाले, फळच नाही तर वाण वेगळा कसा म्हणायचा? अर्जाचं काम तिथंच थांबलं. मी हे आईला दाखवलं."

"म्या एका नजरेत ओयखलं," इंदूबाई म्हणाल्या. "नर व्हय तो. आनं पोरीले म्हटलं, मळेवाल्याच्या हातून हे चुकून होत नायी, बाई. ज्यानं देल्ला, त्यानं जाणून देल्ला. मनून इचाराले आली. भांडाले नायी आली."

खुशालराव मळ्याच्या मातीवर खाली बसले. हात जोडले नाहीत, सबबी सांगितल्या नाहीत.

"जाणूनच देल्ला," ते म्हणाले. "तू चपला काढल्या, मले वाटलं कोनं शिकवून धाडलं. आनं ज्यानं काढल्या नायी, सुभद्रानं मांगून सांगतलं मले, त्याले मी चांगला वेल देल्ला. हळदीकुंकू लावून."

मग तुळशीच्या माळेच्या त्या गृहस्थांची हकिकत बाहेर पडली. अनुपमाचा चेहरा उतरला. तिनं त्यांचा नंबर मागितला. खुशालरावांनी तिच्यादेखत तो लावला; असा नंबर अस्तित्वात नाही, असं बाई फोनमधून सांगत राहिली. वहाणांची गोष्ट खटकल्यामुळे सुभद्राबाईंनी आपल्या भावाकडून धामणगावात आधीच चौकशी करवली होती. तशी बाग तिथं कोणाला माहीत नव्हती. माणूस खोटा होता की नंबर तेवढा बदलला होता, फाटे देवाच्या बागेत लागले की कोणाच्या काचघरात, हे कळायला मार्ग उरला नव्हता.

"मंग आता तो आधी नोंदवन का?" खुशालरावांनी विचारलं.

"सांगता येत नाही. म्हणून घाई केली पाहिजे."

"कागद दाखव. आनं मराठीत वाच. एक ओळ सोडू नको."

अनुपमा वाफ्याच्या वरंब्यावर बसली आणि वाचू लागली. खुशालरावांनी तिला तीन ठिकाणी अडवलं. वाण धारण करणाऱ्याचं नाव, या ओळीवर तर ते उसळले.

"एकाचं काहून? हा वेल माह्या एकट्याचा नायी. गावातल्या बावीस मळ्यात तो हाय."

"मग गटाचं नाव लिहू. तसं करता येतं."

"लिही. आनं आता शेवटचं सांग. त्या बंद दाराआडच्या बोलन्यात उद्या आपल्या लोकायनं मान हालवली, तं ह्या कागदाचं काय होईन?"

अनुपमाला हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि सही मिळाली असती. तिनं आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"माहीत नाही, काकाजी. कागद असला तर भांडायला हातात काहीतरी राहील, एवढंच सांगते. पक्की हमी देत नाही. मळ्यात बसले आहे."

आजवर खुशालरावांकडे जो जो आला, तो खात्री देऊन गेला होता. खात्री न देणारं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटलं, आणि आयुष्यभराचा संशय त्या एका वाक्यापाशी टेकला.

"सुभद्रा," त्यांनी हाक मारली, "हळदीकुंकू आन वं."

सही त्यांनी त्या दिवशी केली नाही. दुसऱ्या दिवशी देवळात बावीस मळेवाल्यांसमोर तो कागद पुन्हा वाचून घेतला, आणि मग केली. आषाढ लागताच त्यांनी स्वतः फाटे तोडले. अनुपमानं गाडी पाठवते म्हटलं. त्यांनी नको म्हटलं. ओल्या गोणपाटाची जुडी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन ते एसटीनं अकोल्याला गेले. वाटेत कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, वरती ठेवा ना." बाबाजी म्हणाले, "तुह्या मांडीवरचं लेकरू तू वरती ठेवतं का?"

अकोल्याच्या वाफ्याशी आल्यावर त्यांनी वहाणा काढल्या. तिथला माळी देवराव हसला. "बाबाजी, चपला काहून काढता? इथं काटे हायेत."

"वेल आला का मळा झाला. तू पन काढ गा."

देवराव जरा कुरकुरला, पण त्यानं काढल्या. अनुपमानं तर आधीच काढल्या होत्या. खुशालरावांनी एकेक फाटा आपल्या हातानं मातीत टेकवला, प्रत्येकाला हळदीचं बोट लावलं, आणि ओठांत हरीचं नाव चालू ठेवलं. ईशान्य कोपऱ्यात दोन नर वेलही लावले. पण या खेपेला त्यांच्या शेजारी पाटी रोवून, वर 'नर' असं ठळक लिहून.

निघताना ते म्हणाले, "मी दर महिन्याले येईन पाहाले. तुह्यावर भरोसा हाय. बाकीच्यायवर नायी."

"या, काकाजी. नक्की या."

फाटकापर्यंत पोचल्यावर अनुपमाच्या ध्यानात आलं, ते अनवाणीच चालले होते. तिनं मागून हाक मारली, "काकाजी, वहाणा राहिल्या!"

"राहिल्या नायी, ठेवल्या," खुशालराव वळून म्हणाले. "वाफ्याच्या तोंडाशी तशाच राहू दे. जो येईन त्याले दिसन, इथं आत वहाण नेत नायी. आनं जो नेईन, त्याचं नाव मले सांग."

आणि ते तापलेल्या डांबरावरून, पाय उचलत उचलत, बसस्टँडकडे चालू लागले.