थोडंफार येणाऱ्या माणसाच्या स्की

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या चारुदत्त पाटणकरला कुणी काहीही येतं का विचारलं, की उत्तर ठरलेलं असे: "थोडंफार." जर्मन थोडंफार, पोहणं थोडंफार. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात त्याची अर्धी नोकरी सरली होती, तर तेही थोडंफारच. साताऱ्यातल्या त्याच्या घरी स्वतःची तारीफ करणं आणि पानात टाकणं हे एकाच तोलाचे गुन्हे होते. दुसऱ्या गुन्ह्याला निदान माफी असे.

मुलीच्या बाबतीतही तेच. ईश्वरीचं कुणी कौतुक केलं की हा आधी "हो" म्हणे आणि लगेच "पण" म्हणे. हो, पण अजून खूप शिकायचंय. हो, पण आळशी आहे. भारतात समोरचा माणूस यावर हसून आणखी कौतुक करतो, तशी रीतच आहे. जर्मन माणूस मात्र गंभीर होऊन "अस्सं का," म्हणतो आणि विषय बदलतो. ईश्वरी शेजारी उभी राहून हे सगळं ऐकत आलेली. तिला मराठी पुरतं कळायचं, उत्तरं ती जर्मनमध्ये द्यायची, आणि याला तर कुठल्याच भाषेत देत नसे.

स्की करायला चारुदत्त चाळिशीत शिकला, तोही सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गात. ती पोरं आठवड्यात पुढच्या वर्गात गेली. हा तिथेच राहिला, पण चिवटपणे दर हिवाळ्यात जात राहिला आणि खरोखर चांगला झाला. हे त्याला सोडून सगळ्या स्की-क्लबला माहीत होतं. अडचण त्याच्या स्कींची होती. क्लबच्या जुन्या बाजारात त्याने लांब, रुंद जोडी घेतली होती, एक माप मोठीच, कारण वस्तू घ्यायची तर भरपूर घ्यावी. त्या स्की उतारभर मोठमोठी वळणं घेत. ईश्वरी मात्र कडेकडेने, छोट्या छोट्या वळणांनी सरसर खाली जाई आणि काठ्या बगलेत धरून त्याची वाट बघत उभी राही. शाळेच्या फाटकाशी आई उभी असते ना, तशी.

ऑक्टोबरात ती इंजिनिअरिंगला आखनला जाणार होती. म्हणजे शनिवारी क्लबच्या बसने बापलेकीने मिळून जायचा हा शेवटचा हिवाळा. चारुदत्तला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, तिच्या मागोमाग, तिनेच काढलेल्या वळणांतून खाली उतरायचं आणि तिला थांबायला लावायचं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. "जरा आखूड स्की बघतोय," एवढंच म्हणाला.

बघतोय म्हणजे त्याने अभ्यास मांडला. स्कीची कंबर, म्हणजे मधला भाग, बारीक हवी, म्हणजे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाता येतं. टोकं रुंद हवीत, म्हणजे वळण लहान होतं. पिळाला कडक हवी, नाहीतर सकाळच्या टणक बर्फावर कड सुटते. त्याने हे सगळं बायकोला, स्नेहलताला, पोळीचं उलथनं हातात घेऊन समजावलं.

"आखूड आहे ना? मग स्वस्त असेल," ती म्हणाली.

"उलट महाग आहे."

"मग आहे तीच काप की," असं म्हणून तिने उलथनं परत घेतलं, कारण तव्यावर पोळी होती.

आता राहिलं माप. एकशे पासष्ट की एकशे साठ सेंटीमीटर? ते चालवूनच ठरणार होतं. क्लबची बस जायची त्या आल्गॉयमधल्या उताराच्या पायथ्याशी दुकान होतं, तिथे एक दिवस स्की वापरून बघायला देत. दुकानातल्या हेर, म्हणजे श्रीयुत, ड्रेक्सलरने त्याचं वय, वजन, उंची आणि बुटाच्या तळव्याचं माप घेतलं आणि विचारलं, "स्की कशी करता?"

"थोडीफार," चारुदत्त म्हणाला. "सावकाश."

ड्रेक्सलरने मान हलवली आणि बुटाला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा स्क्रू सैल केला. बाइंडिंगचं काम सरळ आहे. जोर ठरावीक मापापलीकडे गेला की ते बूट सोडून देतं, म्हणजे पाय मोडत नाही. घाबरटाला लवकर सोडायचं, तरबेजाला उशिरा. माणूस कोणत्या जातीचा, हे त्यालाच विचारतात आणि तो सांगेल ते खरं धरतात. सातारकरांसाठी वेगळी सोय नाही.

पहिल्याच जोरकस वळणाला उजवी स्की पायातून निघाली. चारुदत्त कुशीवर बराच लांब घसरत गेला. दुसऱ्या वेळी डावी निघाली. त्याने पासष्टची परत देऊन साठची घेतली. ड्रेक्सलरने तिचा स्क्रूही तेवढाच सैल केला. ती तिसऱ्या वळणाला निघाली.

बर्फात बसून त्याने निष्कर्ष काढला. दोष स्कीत नव्हता. आखूड वळणं तरबेजांनी घ्यावीत आणि आपल्याला थोडंफारच येतं, हे तो आयुष्यभर सांगत आला होता. आज पुरावा मिळाला होता. त्याला मनापासून वाईट वाटलं. ईश्वरी निघालेली स्की उचलून वर चढत आली, तेव्हा तो म्हणाला, "तू जा मित्रांबरोबर. मी आपली लांबवालीच घेतो."

ती जागची हलली नाही. स्क्रू किती आवळलाय ते दाखवणारा, बाइंडिंगच्या खिडकीतला आकडा बघत होती. "पापा, हा तर माझा बाराव्या वर्षीचा आकडा आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तू त्यांना काय सांगितलंस?"

त्याने सांगितलं. तिने डोळे मिटले आणि उघडले.

दुकानात चारुदत्तने "आल्झो, थोडं..." अशी सुरुवात केली, पण ती मध्ये पडली. "माइन फाटर फेर्ट गूट. झेअर गूट." माझे बाबा चांगली स्की करतात. फार चांगली. चारुदत्तचे कान तापले. ड्रेक्सलरने पासष्टची परत काढून तिचा स्क्रू आवळला. त्याच्या दृष्टीने ही फक्त माहिती होती.

"मुलीचंही तपासून देतो," तो म्हणाला. "हीही चांगली करते ना?"

"हो, पण अजून शिकतेय," चारुदत्त म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं.

ईश्वरी भिंतीवरच्या हातमोज्यांकडे बघू लागली. ड्रेक्सलरने तिच्या स्कीला स्क्रूड्रायव्हर लावला आणि सैल करायला सुरुवात केली.

"थांबा!" चारुदत्त ओरडला. दुकानातली माणसं वळली. "ती उत्तम करते. आख्ख्या क्लबात उत्तम. मी इतकी वर्षं शिकतोय ते तिच्या मागे जाता यावं म्हणून." जर्मन वाक्य व्याकरणात पार कोसळलं होतं, पण तो थांबला नाही. "आणि ती कधीच आळशी नव्हती."

"गेनाऊ, अगदी तसंच," ड्रेक्सलर म्हणाला. "मग होतं तेच बरोबर."

ईश्वरीने हातमोजे चढवायला खूप वेळ घेतला.

त्यानंतर दोघं खाली उतरली. ती पुढे, हा मागे, तिच्याच वळणांतून. उताराच्या मध्यावर तिने मुद्दाम वेग वाढवला आणि हा टिकला. खाली ती थांबली तेव्हा हा शेजारी येऊन थांबला. त्याला धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. गार वाऱ्याने येतं, असं तो म्हणाला.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये क्लबच्या फ्राउ ल्यूडर पुढच्या सीटवरून मागे वळल्या. "हेर पाटणकर, तुमची मुलगी काय सुंदर स्की करते!"

खिडकीशी बसलेली ईश्वरी बाहेर बघतच राहिली, पण तिने कानातलं गाणं बंद केलं.

"हो," चारुदत्त म्हणाला. पुढचा शब्द जिभेवर आला होता. त्याने तो बॉबलिंगेनपर्यंत तोंडात धरून ठेवला.